खोडलेला आकडा

प्रयोगवहीतील आकडा पुस्तकातील उत्तराशी जुळला नाही की एखादा विद्यार्थी तो हळूच खोडून ‘बरोबर’ आकडा लिहितो. हे आपण सर्वांनीच वर्गात पाहिले आहे. लष्करी सराव हाही एक प्रयोगच असतो. त्यातील आकडा खोडला तर काय होते? १९४२ सालची दोन उदाहरणे पाहू.

प्रशांत महासागरातील मिडवे बेटावर हल्ला करण्यापूर्वी, मे महिन्यात, जपानी नौदलाने ‘यामातो’ या युद्धनौकेवर त्याची तालीम केली. नकाशावर दोन्ही बाजूंनी चाली करायच्या आणि कोणाचे किती नुकसान झाले ते पंचांनी फासे टाकून ठरवायचे, अशी पद्धत होती. एका चालीत अमेरिकी विमानांचे नऊ बॉम्ब लागल्याचे पंचाने जाहीर केले. ‘अकागी’ आणि ‘कागा’ या विमानवाहू नौका बुडाल्या. सरावाचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल उगाकी यांनी नऊचे तीन केले. ‘अकागी’ वाचली, बुडालेली ‘कागा’ पुढच्या डावात पुन्हा हजर झाली! ४ जूनच्या खऱ्या हल्ल्यांत जपानने या दोघींसह चार विमानवाहू नौका गमावल्या.

त्याच वर्षी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि नौदलाच्या महिला दलातील तरुणींनी एका खोलीच्या जमिनीवर खडूने अटलांटिक महासागर मांडला. कप्तानाला समुद्रावर दिसेल तेवढेच दिसावे, म्हणून शिकणारे अधिकारी पडद्याच्या फटीतून पाहत. जर्मन पाणबुड्या जहाजांच्या ताफ्यावर बाहेरून मारा करतात, असा तेव्हा समज होता. झालेल्या हल्ल्यांच्या नोंदी जमिनीवर मांडून पाहिल्या, तेव्हा त्या जुळेनात. पाणबुडी रात्री पाण्यावर येऊन मागच्या बाजूने ताफ्याच्या आत शिरते असे मानले, तरच त्या जुळत. येथे नोंदी खोडल्या गेल्या नाहीत, समज बदलला. त्यातून ‘रास्पबेरी’ हा नवा डावपेच तयार झाला. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी येथे शिकून गेले.

फासे भविष्य सांगत नाहीत, हे खरे. नऊ हा आकडा चुकीचाही असू शकला असता. पण ‘एवढे बॉम्ब लागले तर आपण काय करणार?’ हा प्रश्न त्याने विचारला होता. आकड्याबरोबर तोही पुसला गेला.

म्हणून आम्हाला वाटते, वहीत खोडलेला आकडा दिसला की रागावण्याआधी मुलांबरोबर बसून तो पुन्हा वाचावा.