ग्लिसरीन आणि पडून राहिलेला कोड

आमच्या धंद्यात एक प्रकार नेहमी बघायला मिळतो. कुणीतरी दहा वर्षांपूर्वी एक फंक्शन लिहून ठेवलेलं असतं. चालतं झकास, पण त्याला कॉल करणारं कुणी नसतं. मग एक दिवस गरज बदलते आणि सगळे शोधायला लागतात, अरे ते कुणी लिहिलं होतं? ह्या शनिवारी ग्लिसरीनबद्दल वाचत बसलो होतो (ओठ फुटले होते, दुसरं काही कारण नाही) आणि तिथे हुबेहूब हाच किस्सा सापडला. फक्त मधे सत्तरेक वर्षं गेली होती.

ग्लिसरीन, म्हणजे केमिस्ट्रीवाल्यांचं ग्लिसरॉल. 1779 साली स्वीडनमधे शेले नावाच्या माणसाने ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवलं आणि त्याला हा गोडसर, चिकट द्रव मिळाला. तेलाचा साबण केला की हे बाजूला निघतंच. 1847 मधे इटलीच्या सोब्रेरोने त्यापासून नायट्रोग्लिसरीन केलं, 1867 मधे नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतलं आणि साबणवाल्यांची ही वस्तू लष्कराची झाली. पहिल्या महायुद्धात चरबीचा तुटवडा पडला म्हणून जर्मनांनी चक्क साखर आंबवून ग्लिसरॉल काढलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकार गृहिणींना सांगत होतं की तळणातली उरलेली चरबी फेकू नका, डब्यात भरून खाटकाकडे द्या. 1942 साली डिस्नेने त्यासाठी मिनी माऊसला घेऊन प्रचारपट काढला! 1948 मधे शेल कंपनीने टेक्सासमधे प्रोपिलिनपासून, म्हणजे पेट्रोलियमच्या मालातून, ग्लिसरॉल करायचा कारखाना टाकला. इतकी किंमत होती त्याला.

आता ह्या सगळ्याच्या मधेच, 1932 साली, विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या होमर ॲडकिन्सने आणि त्याच्या सहकाऱ्याने एक पेपर छापला. ॲडकिन्सने तांबं आणि क्रोमियम यांच्या ऑक्साइडांचा एक कॅटॅलिस्ट बनवला होता, कॉपर क्रोमाइट. तो टाकून, तापवून, हायड्रोजनच्या प्रचंड दाबाखाली ग्लिसरॉल ठेवलं की त्याचं प्रोपिलिन ग्लायकॉल होतं, असं त्यांनी दाखवलं.

यात गंमत तांब्याची आहे. ग्लिसरॉलमधे तीन कार्बन एका ओळीत आणि प्रत्येकाला एक ओएच लटकलेला. आपल्याला टोकाचा फक्त एक ओएच काढायचाय, बाकी साखळी शाबूत हवी. निकेल किंवा रुथेनियम वापरलं तर ते कार्बन-कार्बन बंधावरही हात टाकतात, साखळी तुटते आणि मिथेनसारखा फुकटचा कचरा होतो. तांबं मात्र कार्बन-ऑक्सिजन बंध तोडतं आणि कार्बनच्या साखळीला फारसा धक्का लावत नाही. आधी पाण्याचा एक रेणू निघून ॲसिटॉल तयार होतं, मग त्यात हायड्रोजन घुसतो, झालं प्रोपिलिन ग्लायकॉल.

पण हे करणार कोण? महाग ग्लिसरॉल जाळून स्वस्त ग्लायकॉल बनवायला कोण वेडा बसलाय? कोड पडून राहिला.

मग आलं बायोडिझेल. दहा किलो बायोडिझेल केलं की साधारण एक किलो ग्लिसरॉल पदरात पडतं, हवं असो वा नसो. अमेरिकेत कच्चं ग्लिसरॉल 2004 मधे पौंडाला 25 सेंट होतं, ते 2006 पर्यंत 5 सेंट किंवा त्याहूनही खाली आलं. 2006 मधेच डाऊने टेक्सासमधला आपला सिंथेटिक ग्लिसरॉलचा कारखाना बंद केला. पूर्वी ज्या एपिक्लोरोहायड्रिनपासून ग्लिसरॉल करायचे, तेच आता सॉल्व्हेने 2007 पासून फ्रान्समधे ग्लिसरॉलपासून करायला घेतलं. अख्खा बाण उलटा!

अशा वेळी मिसुरी विद्यापीठातल्या गॅलन सप्पेसने कॉपर क्रोमाइटवरची धूळ झटकली. ॲडकिन्सच्या प्रयोगांतला दाब कारखान्याला परवडणारा नव्हता, आणि बायोडिझेलवाल्यांचं ग्लिसरॉल म्हणजे मीठ, साबण, मिथेनॉल असा सगळा गाळ. सप्पेसने प्रक्रिया दोन पायऱ्यांत तोडली. पहिल्या पायरीत ॲसिटॉल जसं तयार होईल तसं वाफ करून बाहेर काढायचं, मग गाळ मागेच राहतो. दुसरीत त्याला हायड्रोजन द्यायचा. सुमारे 200 अंश सेल्सिअस आणि 200 पीएसआय, म्हणजे साधारण 14 वातावरणांचा दाब, एवढ्यावर काम भागलं. 2006 चं अमेरिकेचं ग्रीन केमिस्ट्रीचं प्रेसिडेन्शियल ॲवॉर्ड त्याला मिळालं. मला विचाराल तर खरी हुशारी कॅटॅलिस्टपेक्षा ह्या वाफ काढण्यात आहे. रिफॅक्टरिंग म्हणतात ते हेच.

2011 मधे एडीएम कंपनीने इलिनॉयमधल्या डिकेटरला वर्षाला एक लाख टन क्षमतेचा कारखाना सुरू केला, ग्लिसरॉलपासून प्रोपिलिन ग्लायकॉल करणारा.

एक बग मात्र राहिला होता, क्रोमियम. हेक्झाव्हॅलंट रूपात ते विषारी, त्यामुळे वापरून झालेला कॅटॅलिस्ट टाकायचा कुठे हा प्रश्न. त्यावर आपल्या पुण्यात, पाषाणच्या एनसीएलमधे काम झालंय. त्यांनी क्रोमियम काढून तांबं आणि ॲल्युमिनियमचा कॅटॅलिस्ट केला आणि 2010 च्या सुमारास त्यावर पेपर छापले. पाषाण रोडने जाताना ते फाटक मी कितीतरी वेळा ओलांडलंय, आत तांब्यावर असं काही चाललंय हे ध्यानीमनी नव्हतं.

बाथरूममधल्या लोशनच्या बाटलीवर आत्ताच जाऊन बघितलं. घटकांच्या यादीत दोघंही आहेत, ग्लिसरीन आणि प्रोपिलिन ग्लायकॉल, शेजारीशेजारी. दुसरं पहिल्यापासून केलंय की पेट्रोलियमपासून, ते काही लिहिलेलं नाही. ओठ अजून फुटलेलेच आहेत.