शाळेत मुलांची नशेची तपासणी करावी का? थोडा इतिहास

"डॉक्टर, मुलाला न सांगता त्याची लघवी तपासता येईल का?" हा प्रश्न वसई-विरारमधले पालक दवाखान्यात दबक्या आवाजात विचारतात. पाठोपाठ दुसरा येतो: "शाळाच सगळ्यांची तपासणी का करत नाही?" उत्तरासाठी थोडं मागे जाऊ या.

1980 च्या दशकात मुंबईत 'गर्द', म्हणजे ब्राउन शुगर पसरली. 1985 मध्ये एनडीपीएस कायदा आला. पुढच्याच वर्षी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. कायद्याने शिक्षा ठरवल्या. व्यसन हा आजार आहे, हे मुक्तांगणने घराघरांत समजावलं.

अमेरिकेत प्रश्न थेट शाळेत पोहोचला. ऑरेगॉनमधल्या व्हर्नोनियाच्या सरकारी शाळांनी 1989 पासून खेळाडूंची लघवी तपासायला घेतली. सातवीतल्या जेम्स ॲक्टनला फुटबॉल खेळायचं होतं. त्याच्यावर कसलाही संशय नव्हता, म्हणून आईवडिलांनी संमतिपत्रावर सही केली नाही आणि त्याला खेळू दिलं गेलं नाही. 1995 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी शाळेची बाजू घेतली. 2002 मध्ये लिंडसे अर्ल्सच्या खटल्यात 5 विरुद्ध 4 मतांनी गायनवृंदासारख्या उपक्रमांतल्या मुलांच्या तपासणीलाही मान्यता मिळाली. तरीही 2015 मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने शाळांतल्या सरसकट तपासणीला विरोध केला, कारण ती उपयोगी पडते याचा पुरेसा पुरावा नव्हता.

आपल्याकडे 2016 मध्ये 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मुलांमधल्या व्यसनाचं राष्ट्रीय सर्वेक्षण, कृती आराखडा आणि शालेय अभ्यासक्रमात हा विषय घेण्याबाबत निर्देश दिले. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात सरकारी यंत्रणेला हात घालायचा, तर कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा. महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळाही याला अपवाद नाही.

आता वैद्यकीय बाजू. पट्टीवरची तपासणी ही फक्त चाळणी असते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलं, तरी ती अफूवर्गासाठी पॉझिटिव्ह येऊ शकते. खसखस भरपूर खाल्ली तरीही येऊ शकते, म्हणजे दिवाळीचे अनारसेसुद्धा विचारात घ्यावे लागतात! म्हणून प्रयोगशाळेतल्या खात्रीच्या तपासणीशिवाय मुलावर शिक्का मारू नका. उलटही घडतं. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 10 ते 17 वयोगटातल्या 1.17 टक्के मुलांमध्ये व्हाइटनर, थिनरसारखे पदार्थ हुंगण्याची सवय आढळली. प्रौढांमध्ये हे प्रमाण 0.58 टक्के होतं. आणि नेमके हेच पदार्थ नेहमीच्या लघवीच्या पट्टीत दिसत नाहीत. निगेटिव्ह रिपोर्ट पाहून तुम्ही निश्चिंत होता आणि आजार वाढत राहतो.

मग करायचं काय? झोप, भूक, गुण, मित्र, पैसे यांत अचानक फरक पडला, तर आधी मुलाशी शांतपणे बोला. तपासणी लागलीच, तर त्याला सांगून, डॉक्टरांच्या सल्ल्याने करा. चोरून केलेली तपासणी कळली, की मूल बोलणंच बंद करतं. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका: स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला एनडीपीएस कायद्याच्या कलम 64अ मध्ये काही अटींवर संरक्षण आहे. 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो.

रिपोर्ट एका दिवसाचा असतो. मुलाचा विश्वास मात्र तुम्हाला उपचार संपेपर्यंत लागणार आहे.