'वर्तणूक' या रकान्याविषयी

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. आमच्या नागपूरच्या दाखल्यावर तिथे 'चांगली' एवढेच लिहिले आहे. साऱ्या वर्गाच्या दाखल्यांवर तेच असावे! पण शिक्षकाने विचारपूर्वक केलेली नोंद पुढे कितपत खरी ठरते?

स्कॉटलंडमध्ये १९५० साली चौदा वर्षांच्या १२०८ मुलामुलींविषयी शिक्षकांनी अशा नोंदी केल्या. आत्मविश्वास, चिकाटी, मनाचा स्थिरपणा, कर्तव्यदक्षता, कल्पकता आणि शिकण्याची ओढ हे सहा गुण त्यांनी पाहिले. २०१२ साली त्यांपैकी १७४ जणांनी, वय सुमारे ७७ असताना, याच गुणांवर स्वतःला जोखले. जवळच्या माणसांनीही त्यांना जोखले. जुन्या-नव्या नोंदींत जवळजवळ मेळच नव्हता.

मग स्वभाव टिकतच नाही का? रॉबर्ट्स व डेलव्हेकिओ यांनी २००० साली १५२ अभ्यास एकत्र तपासले. सुमारे सात वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन मोजण्यांतला सहसंबंध बालपणी ०.३१, तिशीत ०.६४ आणि पन्नाशीनंतर ०.७४ भरला. स्वभाव लोणच्यासारखा मुरत जातो म्हणा ना! चौदाव्या वर्षी तो कच्चाच असतो, आणि त्रेसष्ट वर्षांचे अंतर फार मोठे.

तरी शिक्षकांच्या नोंदी वाया गेल्या नव्हत्या. याच मुलांवरील २००८ सालच्या अभ्यासात दिसले, की शिक्षकांनी ज्यांना भरवशाचे ठरवले होते ती मुले सरासरीने अधिक जगली. म्हणजे २०१२ ची मोजणी झाली तेव्हा कमी भरवशाच्या मुलांपैकी उत्तरे द्यायला तुलनेने थोडीच उरली होती.