जातं थांबलं तेव्हा काय काय थांबलं



आज मी तुमच्याशी बोलणार आहे पोटाच्या घेराबद्दल. हसू नका. गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला शिवणकाम करणाऱ्या ताईंनी टेप आणली होती. हप्ते भरून झाले, चहा झाला, आणि कुणीतरी म्हणालं, मोजून तर बघू. आम्ही चौदा जणी होतो. बाईच्या कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत असावा असं डॉक्टर सांगतात. चौदांपैकी नऊ जणी त्याच्या पुढं निघाल्या. माझा घेर भरला 91. गंमत अशी की या नऊ जणींपैकी निम्म्यांना कुणी जाड म्हणणार नाही. हात बारीक, पाय बारीक, पोट तेवढं पुढं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आमच्या वेळी असली पोटं नव्हती. दारात जातं होतं ना."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते खरं आहे का, आणि असलं तर किती खरं, हे आज पाहू.

आधी जातं आठवू या. कोंबडं आरवायच्या आधी उठायचं, जात्यापुढं बसायचं, खुंटा धरायचा आणि घरातल्या आठ-दहा माणसांच्या भाकरीचं पीठ पाडायचं. एका हातानं ओढायचं, दुसऱ्या हातानं घास घालायचा. दंड, खांदे, पाठ, पोट, सगळं त्यात लागायचं. मग पाणी. विहिरीतून पोहरा ओढायचा, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, कमरेवर कळशी, अशा चार-पाच खेपा. मग सरपण, शेण, रान. आजच्या भाषेत सांगायचं तर जातं, मुसळ आणि पोहरा हा ताकदीचा व्यायाम. पाण्याच्या आणि सरपणाच्या खेपा हा दमाचा व्यायाम, ज्याला शहरातल्या बाया कार्डिओ म्हणतात. आणि ताटात ज्वारी-बाजरीची भाकरी, कोरड्यास, कांदा. ताकद, दम आणि ताट, तिन्ही एकत्र होतं. ते कुणी आरोग्यासाठी जमवलेलं नव्हतं. गरिबीनं आणि रिवाजानं ते बाईच्या वाट्याला आलं होतं.

आणि ते सुखाचं होतं का? याचं उत्तर बायांनीच देऊन ठेवलंय. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, आणि अंग मोडून टाकणारे कष्टही आहेत. 1972 च्या दुष्काळात आपल्या बाया खडी फोडायला गेल्या. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन त्यांनी दिवस काढले. त्यांची पोटं सपाट होती, पण त्याला कुणी आरोग्य म्हणेल का?

मग गिरणी आली. आधी डिझेल इंजिनावरची, पुक-पुक आवाज करणारी. 1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि गावोगाव तारा पोचत गेल्या तशी विजेवरची. सासूबाई सांगतात, पहिल्यांदा गिरणीतून दळण आणलं त्या दिवशी पाटी खाली ठेवून त्या रडल्या. आनंदानं. पहाटेची झोप त्यांना पहिल्यांदा मिळाली होती. जातं लग्नाच्या हळदीपुरतं उरलं. मग हातपंप आला, दारात नळ आला. 2016 पासून उज्ज्वलातून अनेक घरांत गॅस आला. एकेक करून कष्ट हलके झाले, आणि झाले ते फार बरं झालं.

पण त्याच काळात ताटही बदललं. सोयाबीन, कापूस, ऊस यांनी ज्वारीचं रान घेतलं. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तांदूळ 3 रुपये किलो आणि गहू 2 रुपये किलो झाला. त्या कायद्यात 1 रुपया किलोनं भरड धान्यही लिहिलेलं होतं, पण आपल्या पिशवीत बहुतेक वेळा गहू-तांदूळच पडतो. भूक भागली, ही मोठी गोष्ट झाली. जोडीला स्वस्त तेल आलं, साखर आली, पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा आला. सासूबाई ते सून, एवढ्या एका पिढीत ताकदीचं काम गेलं, चालणं कमी झालं आणि ताट बदललं. तिन्ही एकदमच.

अंगमेहनत गेली की शरीराचं काय होतं, याची नीट मोजणी झाली ती लंडनमध्ये, तिथल्या सिटी बसमध्ये. तिथल्या बस दुमजली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढून-उतरून तिकिटं फाडणार. दिवसाला पाचशेहून जास्त पायऱ्या. दोघांची परिस्थिती जवळपास सारखी. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दोघांच्या आजारांचा हिशेब मांडला आणि 1953 साली छापला. कंडक्टरांना हृदयविकाराचे झटके ड्रायव्हरांपेक्षा बरेच कमी येत होते. 1956 मध्ये त्यांनी आणखी एक युक्ती केली. कंपनी शिवून देते त्या गणवेशाच्या विजारींची मापं काढली. ड्रायव्हरांची कंबर मोठी निघाली. आमच्या गटातल्या टेपचीच ही थोरली बहीण म्हणा ना! मॉरिस स्वतः नियमानं व्यायाम करत राहिले आणि नव्याण्णव वर्षं जगले.

पण लंडनचा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. ते दाखवलं पुण्याजवळच्या सहा गावांनी. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून या गावांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. आयांचं वजन सरासरी 42 किलो. बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं हातापायांनी बारीक, स्नायू कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. म्हणजे वरून रोड आणि आतून चरबी. 2004 मध्ये डॉ. याज्ञिकांनी स्वतःचा आणि एका इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटो छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी मित्राची 9 टक्के आणि याज्ञिकांची 21 टक्के. म्हणून आपण वजनकाट्यावर विसंबायचं नाही. घेर मोजायचा.

याच सहा गावांतून आणखी एक गोष्ट कळली. गरोदरपणात ज्या आयांना शेतीचे आणि पाण्याचे कष्ट जास्त पडत, त्यांची बाळं आणखी लहान जन्मत. आणि ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं मोठी. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तुझी थोरली नणंद मुठीएवढी जन्मली होती. आदल्या दिवसापर्यंत मी दळत होते."

म्हणून मी म्हणते, जातं परत नको. पण जात्याबरोबर गेलेली ताकद परत हवी.

ताकदीचा व्यायाम म्हटलं की आपल्याला तालमीतले पहिलवान दिसतात. बाईचा त्याच्याशी काय संबंध, असं वाटतं. पण 1945 साली अमेरिकेत थॉमस डीलॉर्म नावाच्या डॉक्टरांनी जखमी सैनिकांचे पाय बरे करायला वजनं वापरली. आज थोडं वजन, पुढच्या आठवड्यात थोडं जास्त, अशी पद्धत त्यांनी बसवली. 1990 मध्ये बॉस्टनमधल्या वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना अशाच पद्धतीनं आठ आठवडे पायांचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांची ताकद दुपटीपेक्षा जास्त वाढली. नव्वदीत, मैत्रिणींनो! म्हणजे पन्नाशीत आपण म्हाताऱ्या झालो असं समजायचं कारण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या तिन्ही गोष्टी एकत्रच का हव्यात? चालून भागणार नाही का, किंवा कमी जेवून?

2017 साली अमेरिकेत 160 जणांवर केलेला एक अभ्यास छापून आला. सगळे पासष्टीच्या पुढचे आणि अंगानं जड. एका गटाला बेतानं आहार आणि चालण्यासारखा दमाचा व्यायाम दिला. दुसऱ्याला आहार आणि ताकदीचा व्यायाम. तिसऱ्याला आहार आणि दोन्ही व्यायाम. सहा महिन्यांनी तिन्ही गटांचं वजन सारखंच उतरलं, साधारण 9 टक्के. काट्यावर काहीच फरक नाही. पण आहारासोबत फक्त दमाचा व्यायाम करणाऱ्यांचे स्नायू जास्त झिजले आणि हाडंही जास्त झिजली. उठणं, बसणं, जिना चढणं, ओझं उचलणं यांत सगळ्यात पुढं गेला तो दोन्ही व्यायाम करणारा गट.

हे वाचलं आणि मला आमच्या गटातली एक मैत्रीण आठवली. तिनं मनावर घेतलं आणि आठवड्यातले चार दिवस उपवास धरले. रोज पहाटे डांबरी रस्त्यानं चालायला जायची. पाच महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं. आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मग एक दिवस भरलेला हंडा उचलताना तिचे हात थरथरले, आणि जमिनीवरून उठायला तिला भिंत धरावी लागली. डॉक्टर म्हणाले, "ताई, चरबीबरोबर तुमचं मांसही गेलंय." आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या त्या चुकीच्या गोष्टीला, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आता आमच्या गटानं काय ठरवलंय ते सांगते. यात विकत घ्यावं असं काहीच नाही.

पहिलं, दम. आठवड्याला एकूण अडीच तास झपाट्यानं चालणं, म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. ज्या बाया आजही दिवसभर रानात खुरपतात, डोक्यावर ओझी वाहतात, त्यांना वेगळं चालायला जायची गरज नाही. त्यांना गरज आहे पोटभर जेवणाची आणि विसाव्याची.

दुसरं, ताकद. आठवड्यातून दोन दिवस, बैठकीच्या दिवशी सगळ्या मिळून. हात न टेकता खुर्चीवरून किंवा ओट्यावरून उठबस, दहा वेळा. भिंतीला हात टेकून जोर, दहा वेळा. लिटरची पाण्यानं भरलेली बाटली दोन्ही हातांत घेऊन खांद्यावर उचलणं, दहा वेळा. थोडं थांबून पुन्हा एकदा. सोपं झालं की बाटली मोठी घ्यायची. डीलॉर्म डॉक्टरांची युक्ती हीच.

तिसरं, ताट. उपाशी राहायचं नाही. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर. पाव ताट उसळ, पिठलं, डाळ, किंवा खात असाल तर अंडी-मासळी. उरलेल्या पाव ताटात भाकरी. मटकी, हुलगा, हरभरा आपल्या घरात असतात. ते पोरांच्या आणि पुरुषांच्या ताटात वाढून उरलं तर आपण घ्यायचं, ही सवय सोडायची. स्नायू त्यावरच धरतात. उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन वजन उतरत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिठूळ अन्न.

आणि चहा. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर, चमच्याला 5 ग्रॅम. दिवसाचे झाले 50 ग्रॅम, महिन्याची झाली दीड किलो. आमच्या खजिनदार ताईंनी वहीत हिशेब मांडला तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. आता आमच्या बैठकीत कपाला एकच चमचा असतो.

महिन्याला दोन किलोपेक्षा जास्त वजन उतरवायची घाई करू नका. गरोदर असाल, अंगावर दूध पाजत असाल, साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, गुडघे किंवा छाती दुखत असेल, तर आधी आशाताईंना आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. गोळ्या मनानं बंद करू नका.

तीन महिने झाले की आम्ही पुन्हा टेप लावणार आहोत. आमच्या नऊ जणींची नावं वहीत आहेत, घेरही लिहिलेले आहेत. हप्त्यासारखंच आहे हे. थोडं थोडं, पण चुकवायचं नाही.

परवा संध्याकाळी मी ओट्यावरून उठबस करत होते. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "आम्ही केलं ते घरासाठी केलं, तू करतेस ते तुझ्यासाठी. कर." आणि मग काठी बाजूला ठेवून, ओट्याच्या कडेला धरून, त्याही दोनदा उठल्या, दोनदा बसल्या.

तुमच्या गटातही टेप आणा. किती जणींचा घेर किती भरला ते आम्हाला कळवा.