मुळशीतील ताटाचे मोल

शनिवार-रविवारी पुण्यातील जोडपी मुळशीला जेवायला जातात. थाळीतील भाताचे प्रमाण, भाकरीचा आकार आणि खिडकीतून दिसणारे तलावाचे पाणी या सर्वांचा हिशेब मांडून ‘पैसे वसूल’ झाले की नाही, हे दोघे मिळून ठरवतात. नवरा-बायकोने असे उघड्यावर बसून जेवणे ही मराठी मध्यमवर्गात तशी अलीकडची रीत; हॉटेलातील ‘फॅमिली रूम’चा पडदा स्मरणारे वाचक आजही आढळतील.

मात्र मुळशीत भाताची किंमत ठरवण्याचा वाद याहून बराच जुना आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, येथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे अग्रणी. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. बुडणार होती ती आंबेमोहोर पिकवणारी खाचरे. त्यांतील कित्येक जमिनींचे सावकार पुण्यात राहत आणि त्यांपैकी अनेकांना रोख मोबदला मान्य होता. खाचरात राबणाऱ्या मावळ्याला तो कसा पुरावा? दोघांचे ‘मोल’ मुळात एकाच मापाने मोजले जात नव्हते. लढ्यातील ही फूट आपले इतिहासलेखन घाईने ओलांडते, असे मला वाटते. बापटांच्या धाडसाची कथा सांगणे अर्थातच सोपे.

१९२४ च्या अखेरीस लढा मावळला. धरण झाले, भिऱ्याची वीज मुंबईला गेली. खिडकीजवळच्या टेबलावरून दिसते ते पाणी त्याच खाचरांवर उभे आहे.