भाड्याने आणलेला सिनेमा

तुमच्यापैकी जे आज पन्नाशीच्या आसपास आहेत, त्यांना 'व्हिडिओ आणणे' हा शब्दप्रयोग नक्की आठवत असेल. गणपतीत एका रात्री व्हिडिओ आणायचा, सत्यनारायणाच्या पूजेला आणायचा, बारशालाही आणायचा. 'व्हिडिओ' म्हणजे एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर आणि तीन कॅसेट. हे सगळं एका रात्रीच्या भाड्याने मिळायचं. गल्लीत वर्गणी निघायची, टीव्ही ओट्यावर मांडला जायचा आणि रस्त्यावर सतरंज्या पडायच्या. पहिला सिनेमा देवाधर्माचा किंवा कौटुंबिक, दुसरा मारामारीचा. तिसरा सुरू होईपर्यंत निम्मी गल्ली तिथेच झोपलेली असायची आणि शेवट पाहायला दोन-चार पोरं तेवढी जागी राहायची.

माझ्या मामांचं इचलकरंजीत असं दुकान होतं. १९८५ साली त्यांनी ते सुरू केलं. कॉलेजच्या सुट्टीत मी त्यांच्या गल्ल्यावर बसायचो. लांब वहीत नाव, पत्ता, कॅसेटचा नंबर आणि अनामत रक्कम लिहायची. परत आलेली कॅसेट उलटी फिरवलेली नसेल, तर गिऱ्हाइकाला दोन शब्द ऐकवायचे. चित्र खरखरू लागलं की कोरा कागद स्पिरिटमध्ये बुडवून व्हीसीआरचं हेड पुसायचं. पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरायची, म्हणून कपाटात बल्ब पेटता ठेवायचा. माझं सिनेमाचं शिक्षण त्या कपाटापुढेच झालं. आज या धंद्याचा इतिहास थोडक्यात सांगावासा वाटतो, कारण त्यात एक प्रश्न दडलेला आहे. भाड्याने आणलेल्या सिनेमाचा मालक कोण?

घरात सिनेमा पाहण्याची सोय जपानी कंपन्यांनी केली. सोनीचं बीटामॅक्स १९७५ साली आणि जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ साली बाजारात आलं. भारतात या यंत्राला खरी गती मिळाली ती १९८२ साली. त्या वर्षी १५ ऑगस्टपासून दूरदर्शनचं राष्ट्रीय प्रक्षेपण रंगीत झालं आणि नोव्हेंबरमध्ये दिल्लीत एशियाड भरलं. रंगीत टीव्ही घराघरांत शिरू लागले. आखाती देशांत नोकरीला गेलेली मंडळी परतताना सामानात व्हीसीआर घेऊन येऊ लागली. पण विकत घ्यायचं म्हटलं तर यंत्र महाग आणि कॅसेटही महाग. म्हणून भाड्याची दुकानं निघाली. आपल्याकडच्या व्हीएचएस कॅसेटवर साधारण तीन तासांचं चित्रण मावायचं, म्हणजे हिंदी सिनेमाला ती बेतून शिवल्यासारखी बसायची. सिनेमा त्याहून लांब असला, तर कुठलं तरी गाणं कापलं जायचं.

हा धंदा काही आपला शोध नव्हता. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज ॲटकिन्सन नावाच्या गृहस्थाने १९७७ साली असं दुकान काढलं. त्या वर्षी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीचे पन्नास चित्रपट पहिल्यांदाच कॅसेटवर विक्रीला आले होते. ॲटकिन्सनने प्रत्येकाची एक बीटामॅक्स आणि एक व्हीएचएस प्रत विकत घेतली आणि ती लोकांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. वर्षाची वर्गणी पन्नास डॉलर आणि दिवसाचं भाडं दहा डॉलर. चित्रपट कंपन्यांना हे मुळीच रुचलं नाही. पण त्यांना ते थांबवता आलं नाही, आणि त्याचं कारण एका पुस्तकाच्या खटल्यात होतं.

१९०८ सालची गोष्ट. एका अमेरिकन प्रकाशकाने आपल्या कादंबरीत छापलं होतं, की ही एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकली तर तो हक्कभंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने निकाल दिला, की एकदा प्रत विकली की त्या प्रतीवरचा प्रकाशकाचा ताबा संपला. नव्या प्रती छापण्याचा हक्क त्याचाच राहील, पण विकलेली प्रत विकत घेणाऱ्याची. १९०९ साली हे तत्त्व कायद्यात आलं. पुढे १९८४ मध्ये गाण्याच्या रेकॉर्ड्सच्या आणि १९९० मध्ये संगणकाच्या प्रोग्रॅमच्या भाड्यावर तिथे बंधनं आली. सिनेमा मात्र त्यातून सुटला. त्यामुळे अमेरिकेतल्या कोणत्याही गावातला दुकानदार कॅसेट विकत घ्यायचा आणि ती फाटेपर्यंत भाड्याने द्यायचा. त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. १९८५ साली डलासमध्ये पहिलं दुकान उघडणाऱ्या ब्लॉकबस्टरचा पसारा याच पायावर वाढला.

आपल्याकडे चित्र वेगळं होतं, आणि ते प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. मामांच्या कपाटातल्या सगळ्याच कॅसेट सरळ मार्गाने आलेल्या नव्हत्या. थिएटरात सिनेमा लागायचा आणि आठवडाभरात त्याची पुसट, हलणारी नक्कल गावात पोचायची. तिला सगळे 'कॅमेरा प्रिंट' म्हणायचे. निर्मात्याला त्यातून एक पैसा मिळायचा नाही. ही चोरी रोखण्यासाठी १९८४ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. कॅसेटवर आणि तिच्या वेष्टनावर निर्मात्याचं नाव-पत्ता हवा, सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत हवी, असं बंधन आलं आणि शिक्षाही कडक झाली. मामांच्या दुकानावर एकदा पोलिसांची धाड पडली, तेव्हा निम्मं कपाट रिकामं झालं. मामा तो दिवस आजही हसत सांगतात. पण त्या हसण्यात थोडी शरम असते.

पुढे १९९४ साली आणखी एक दुरुस्ती झाली आणि ती १० मे १९९५ पासून लागू झाली. तिने सिनेमाची प्रत विकण्याचा आणि भाड्याने देण्याचा हक्क चित्रपटाच्या मालकाकडे ठेवला, आधी ती प्रत विकली गेलेली असली तरीही. म्हणजे अमेरिकेत दुकानदाराला जे मोकळेपणाने करता येत होतं, ते इथे परवानगीशिवाय करता येईना. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच अंगाने निर्णय दिला. परदेशात रीतसर विकत घेतलेल्या डीव्हीडीसुद्धा हक्कदाराच्या परवान्याशिवाय भारतात भाड्याने देता येणार नाहीत, असं न्यायालय म्हणालं. गावोगावच्या दुकानांत हा कायदा किती पाळला गेला, ते मी सांगायला नको.

आपली व्हिडिओ लायब्ररी इंटरनेटने मारली, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. पहिला तडाखा दिला केबलने. १९९१-९२ नंतर केबलवाला रोज रात्री घरबसल्या सिनेमा दाखवू लागला. दुसरा धक्का व्हीसीडीचा. एका चकतीत सव्वा तासाच्या आसपास चित्रण मावायचं, त्यामुळे एका हिंदी सिनेमाला दोन-तीन चकत्या लागायच्या. पण ना बुरशी, ना उलटं फिरवणं. मामांनी कॅसेट बाजूला सारून व्हीसीडी ठेवायला सुरुवात केली. शेवटचा घाव मात्र स्वस्ताईचा होता. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली. ती अगदी रीतसर, हक्क विकत घेऊन. विकत २८ रुपयांना मिळत असेल तर भाड्याने कोण नेणार? मामांनी वर्षभर वाट पाहिली आणि दुकानाचं शटर ओढलं. गंमत म्हणजे पुढे ती कंपनीही टिकली नाही. २०१८ साली ती दिवाळखोरीत निघाली.

आता पुन्हा अमेरिकेकडे जाऊ, कारण आजच्या व्यवस्थेचं बीज तिथलं आहे. रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ या दोघांनी १९९७ साली नेटफ्लिक्स काढलं. पोस्टाने सिनेमे भाड्याने देण्याची त्यांची कल्पना होती. जाडजूड कॅसेट पाठवणं परवडणारं नव्हतं, पण डीव्हीडी नुकतीच आली होती. चकती टपालात फुटते का हे पाहण्यासाठी त्यांनी गाण्याची एक सीडी पाकिटात घालून हेस्टिंग्ज यांच्याच घरी पाठवून पाहिली. ती धड पोचली. १९९८ च्या एप्रिलमध्ये सेवा सुरू झाली. लाल पाकिटं अमेरिकाभर फिरू लागली आणि २०१० मध्ये ब्लॉकबस्टरने दिवाळखोरीचा अर्ज केला.

या पाकिटांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक चित्रपट जमले होते. ते शक्य झालं त्या १९०८ च्या निकालामुळे. चकती विकत घ्या आणि पाठवा, कुणाला विचारायला नको. २००७ साली याच कंपनीने तारेवरून सिनेमा दाखवायला सुरुवात केली आणि सगळं गणित बदललं. इथे कोणतीही प्रत ग्राहकाच्या हाती जात नाही. सिनेमा दाखवला जातो, आणि दाखवायचा तर प्रत्येक चित्रपटासाठी मालकाशी करार हवा. तो ठराविक देशासाठी, ठराविक मुदतीसाठी. मुदत संपली की सिनेमा उतरतो. म्हणून तारेवरच्या कपाटात काही हजार नावं आणि पाकिटांच्या कपाटात लाखभर, असा फरक पडला. २९ सप्टेंबर २०२३ रोजी नेटफ्लिक्सने पोस्टाची सेवा बंद केली, तोवर पाच अब्जांहून अधिक चकत्या पाठवून झाल्या होत्या.

नव्या व्यवस्थेची देणगी मी नाकारत नाही. आपल्याकडे नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये आलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओने डेटा जवळजवळ फुकट केला. ज्या खेड्यात कधी थिएटर नव्हतं, तिथली मुलगी आज मल्याळी सिनेमा उपशीर्षकं वाचत पाहते. अमेरिकेतल्या मराठी माणसाला पूर्वी भारतीय किराणा दुकानातल्या कॅसेटच्या फळीवर भिस्त ठेवावी लागायची. त्या फळीवर हिंदी सिनेमांच्या गर्दीत मराठी शोधून काढावा लागे. आता तो घरी बसून नवा मराठी चित्रपट पाहू शकतो, आणि निर्मात्याला त्याचे पैसेही मिळतात. धाड नाही, शरम नाही.

पण कपाटाची किल्ली आपल्या गावात राहिली नाही, हेही खरं. 'विलो' नावाची मालिका डिस्नेने खास आपल्या तारेवरच्या सेवेसाठी बनवली. ३० नोव्हेंबर २०२२ ला ती सुरू झाली आणि २६ मे २०२३ ला, सहा महिन्यांच्या आत, त्याच कंपनीने ती उतरवली. आपल्याकडे 'अन्नपूर्णी' हा तमिळ चित्रपट सेन्सॉर होऊन थिएटरात लागला होता. जानेवारी २०२४ मध्ये तक्रारींनंतर तो नेटफ्लिक्सवरून काढला गेला. त्या वादात मी इथे शिरत नाही. सांगायचं इतकंच, की मामांच्या दुकानाच्या दिवसांत एखादा सिनेमा सगळ्या गावांतून एका दिवसात नाहीसा करायचा, तर हजारो दुकानांची कपाटं उघडावी लागली असती.

मागच्या दिवाळीत मामांकडे गेलो होतो. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. मामींच्या आवडीचा एक जुना तमाशापट त्यांना पाहायचा होता. मामी जाऊन तीन वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना तो मोबाइलवर लावून दिला होता. या वेळी शोधला तर नाही. नाव घातलं की भलतेच सिनेमे पुढे येत होते. मामा म्हणाले, "आरं, मागच्या येळंला तूच लावून दिलतास की!" त्यांना वाटलं, मलाच जमत नाही. करार संपला असेल, हे त्यांना कसं समजावणार? आपल्या सिनेमाची मुदत संपते, हे दुकानदार म्हणून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मग ते उठले आणि माळ्यावरची पेटी काढायला लावली. त्यात ती कॅसेट होती, कंपनीची, छापील वेष्टनातली. पण टेपवर पांढरा थर चढलेला आणि व्हीसीआर केव्हाच भंगारात गेलेला. जपानच्या फुनाई कंपनीने नवे व्हीसीआर बनवणंसुद्धा २०१६ च्या जुलैमध्ये थांबवलं. म्हणजे हातात प्रत होती, पण सिनेमा नव्हता. नुसती वस्तू जपून भागत नाही, हा धडा मला त्या दिवशी मिळाला. वस्तू जपणारी, वेळोवेळी तिची नीट निगा राखणारी संस्थाही हवी.

पुण्यात १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हे काम मूळ रिळांच्या बाबतीत करतं. पण ते घरी सिनेमा देण्यासाठी नाही. ते काम गावच्या वाचनालयाचं आहे. आणि इथे आपल्या कायद्याने एक दार उघडं ठेवलं आहे, जे फारसं कुणाला ठाऊक नाही. २०१२ च्या दुरुस्तीत 'भाड्याने देणे' याऐवजी 'व्यापारी तत्त्वावर भाड्याने देणे' असा शब्द आला. नफ्यासाठी न चालणारं वाचनालय किंवा शिक्षणसंस्था कायदेशीर मार्गाने मिळवलेली प्रत विनानफा वाचकाला देत असेल, तर ते या व्याख्येतून वगळलं आहे. म्हणजे दुकानदाराला जे जमत नाही, ते वाचनालयाला जमतं. अमेरिकेत सिएटलच्या स्कॅरक्रो व्हिडिओ या जुन्या दुकानाने हाच मार्ग धरला. २०१४ साली ते विनानफा संस्था बनलं आणि लाखाहून अधिक चित्रपट आजही भाड्याने देतं.

महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि गावोगावी वाचनालयं आहेत. त्यांच्या एका कपाटात दोनशे मराठी चित्रपटांच्या रीतसर घेतलेल्या डीव्हीडी आणि त्या पाहण्यासाठी एक चालू यंत्र ठेवायला फार मोठा खर्च नाही. लोकांच्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या त्या २८ आणि ३४ रुपयांच्या चकत्यासुद्धा देणगी म्हणून मागता येतील. दहा वर्षांनी त्या मिळणार नाहीत.

मी मामांच्या गावच्या वाचनालयाला तसं पत्र दिलं आहे. सोबत माझ्याकडच्या चाळीस चकत्याही दिल्या. त्यांत मामींचा तो सिनेमा आहे. तो मला पुण्यात जुन्या बाजारात सापडला. मामांनी रीतसर वर्गणी भरून तो घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर परत केला. वहीत सही करताना ग्रंथपालांना म्हणाले, "आता याला बुरशी धरू देऊ नका."