जुना जालना आणि कुलूपबंद सेट-टॉप बॉक्स

कुंडलिकाकाठच्या जुना जालन्यासह नगरपालिकांच्या शहरांत केबलसाठी सेट-टॉप बॉक्स सक्तीचा होणार होता. मुदत ३१ डिसेंबर २०१५. डीटीएचधारकांना त्यातली मेख आधीच ठाऊक होती : कंपनी बदलली की विकत घेतलेला बॉक्स निकामी. वास्तविक, बॉक्स खुल्या रचनेचा आणि सर्व कंपन्यांना चालणारा असावा, ही अट डीटीएचच्या २००१च्या मार्गदर्शक तत्त्वांतच होती. प्रक्षेपणाचे डीव्हीबी मानकही खुलेच; कुलूप होते ते कूटबद्धतेचे, आणि प्रत्येक कंपनीची किल्ली निराळी. किल्ली बदलण्यासाठी बॉक्समध्ये खाच ठेवण्याचा नियम झाला, पण तीत बसवायचे मॉड्यूलच जवळजवळ नव्या बॉक्सइतके महाग! दूरदर्शनच्या डीडी डायरेक्ट प्लसला मात्र २००४मध्ये कुलूपच नव्हते. सर्व बॉक्स परस्परांना चालावेत, ही शिफारस ‘ट्राय’ने एप्रिल २०२०मध्येही केली.